लोखंड परत येते, प्लास्टिक का येत नाही?

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत मालमोटारी भंगार घेऊन येतात: मोडक्या यंत्रांचे भाग, गंजलेले पत्रे, वाकड्या सळया. त्याच वसाहतीतून घरबांधणीच्या नव्या सळया भरलेल्या मालमोटारी बाहेर पडतात. जालना जिल्ह्यात लोहखनिजाची खाण नाही. इथला खडक काळा बेसाल्ट. तरीही हे शहर पोलादासाठी ओळखले जाते, ते मुख्यतः भंगाराच्या जोरावर.

याच जिल्ह्यात हंगाम संपल्यावर शेताच्या बांधावर मल्चिंगच्या फाटक्या कागदाचे गोळे पडलेले दिसतात. शेतकरी त्याला कागद म्हणतात, पण ते असते प्लास्टिक. त्याला कोणी विचारत नाही. एक पदार्थ पुनःपुन्हा जन्म घेतो आणि दुसरा बांधावर पडून राहतो, असे का? याचे उत्तर थोडे रसायनशास्त्रात आहे, थोडे बाजारात आणि थोडे इतिहासात.

भट्टीत काय घडते?

शुद्ध लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळते. एवढ्या तापमानाला भंगारावरचा रंग, तेल, रबर जळून जाते. माती आणि गंज यांची मळी होऊन ती वर तरंगते व काढून टाकता येते. लोखंडाचा अणू मात्र लोखंडाचाच राहतो. तो दहा वेळा वितळवला तरी झिजत नाही.

अर्थात पोलादाचा पुनर्वापरही निर्दोष नाही. भंगारात तांबे शिरले तर ते मळीत जात नाही, पोलादातच राहते आणि त्याची प्रत बिघडवते. म्हणून तांब्याची तार आधीच वेगळी काढावी लागते. सुदैवाने तांबे महाग असल्याने भंगारवाला ते काम आपण होऊनच करतो. निवडण्याची मजुरी निवडलेल्या मालातून सुटते, हा या व्यवसायाचा पाया आहे.

एका चुकलेल्या प्रयोगाचे फळ

लोखंडाशी माणसाची ओळख हजारो वर्षांची, पॉलिथिनशी शंभर वर्षांचीही नाही. मार्च 1933 मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ एथिलीन वायूची दुसऱ्या एका पदार्थाशी प्रचंड दाबाखाली अभिक्रिया घडवू पाहत होते. अपेक्षित पदार्थ मिळालाच नाही. भांड्यात पांढरा, मेणासारखा थर मात्र सापडला. एथिलीनचे असंख्य रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबच लांब साखळी तयार झाली होती. अशा साखळीला आपण बहुवारिक म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरील आवरणासाठी हा पदार्थ मोलाचा ठरला. 1953 मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी साध्या दाबाखाली पॉलिथिन बनवण्याची रीत शोधली. त्याच वाटेने इटलीत जुलिओ नाट्टा यांनी पुढच्या वर्षी पॉलिप्रॉपिलीन बनवले. दोघांना 1963 चे नोबेल पारितोषिक मिळाले. यानंतर प्लास्टिक स्वस्त झाले आणि घरोघर पोचले.

जालन्यात प्लास्टिक पाण्यासाठी आले

मराठवाड्याच्या शेतात प्लास्टिक आले ते चैन म्हणून नव्हे. जालना तालुक्यातील कडवंची गावात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोट विकासाची कामे झाली. पुढे तेथील शेतकऱ्यांनी शेततळी खोदून त्यांत प्लास्टिकचे अस्तर घातले, ठिबक बसवले आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. 2012-13 च्या भीषण दुष्काळात जिल्हा होरपळत असताना या शेततळ्यांनी बागा तगवल्या. तेव्हा प्लास्टिकला सरसकट शत्रू ठरवणे मराठवाड्यात तरी अन्यायाचे होईल. प्रश्न आहे तो आयुष्य संपलेल्या प्लास्टिकचा.

साखळी तुटते, मिश्रण बिघडते

पॉलिथिन सुमारे 105 ते 135 अंशांना वितळते आणि कारखान्यात साधारण 200 अंशांच्या आसपास ते ओतले वा ताणले जाते. हे तापमान माती, खत आणि इतर प्लास्टिक जाळून टाकण्यास फार कमी आहे. लोखंडासाठी भट्टी स्वतःच सफाई करते. प्लास्टिकसाठी ती आधीच हाताने करावी लागते. मातीने माखलेल्या मल्चिंगच्या कागदात तर प्लास्टिकपेक्षा मातीचेच वजन जास्त भरू शकते.

दुसरी अडचण म्हणजे वेगवेगळ्या प्लास्टिकचे एकमेकांशी जमत नाही. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन दिसायला सारखे, पण वितळल्यावर नीट मिसळत नाहीत. त्यांच्यापासून बनलेली वस्तू ठिसूळ होते. पीव्हीसीचा तुकडा चुकून आत गेला तर तो तापून हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतो. तिसरी अडचण साखळीचीच. दर वेळी तापवताना, त्याआधी उन्हात तापताना काही साखळ्या तुटतात. म्हणून जुन्या डब्याचा नवा डबा क्वचितच होतो. त्याची बादली होते, बादलीचा पाइप, आणि एक दिवस त्या पाइपलाही गिऱ्हाईक उरत नाही.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, 2015 पर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी फक्त 9 टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरात आले.

मायक्रॉनचा अर्थ

1993 साली पुण्यात कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात प्लास्टिक नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे कचऱ्यात प्लास्टिक वाढले, तेही याच हातांनी निवडले. पण पातळ पिशवी कोणी उचलत नाही; किलोभर पिशव्या जमायला किती वेळा वाकावे लागेल याचा हिशेब कचरावेचक बाईला पक्का कळतो.

कायद्यातील जाडीची अट या हिशेबाशीच जोडलेली आहे. 1999 च्या केंद्रीय नियमांत पिशवीची किमान जाडी 20 मायक्रॉन होती. ती 2011 मध्ये 40, 2016 मध्ये 50, सप्टेंबर 2021 अखेर 75 आणि डिसेंबर 2022 अखेर 120 मायक्रॉन झाली. महाराष्ट्राने 26 जुलै 2005 च्या मुंबईतील महापुरानंतर 50 मायक्रॉनची अट घातली आणि 2018 मध्ये पिशव्यांवरच बंदी आणली.

शेतातही हाच हिशेब चालतो. शेततळ्याचे अस्तर साधारण 500 मायक्रॉनचे. ते धुऊन विकता येते. ठिबकच्या जुन्या नळ्यांनाही भाव मिळतो. मल्चिंगचा कागद पुष्कळदा 25 ते 30 मायक्रॉनचाच असतो. तो उचलायला गेले की फाटतो आणि अर्धा मातीतच राहतो. जाळला तर काजळी व विषारी धूर. 2022 पासून उत्पादकांवर कचरा परत घेण्याची जी जबाबदारी आली, ती वेष्टनाच्या प्लास्टिकची. मल्चिंगचा कागद हे वेष्टन नव्हे.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकचे निरनिराळे तुकडे धुऊन पाण्याच्या बादलीत बुडवा व हवेचे बुडबुडे झटका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसीचा पाइप व पाण्याच्या बाटलीचा तुकडा बुडतो. घनता हेच निवडीचे पहिले साधन. पण बाटलीचे झाकण व बाटली वेगळी वागतात हे पाहिले की एका वस्तूतही दोन प्लास्टिक असतात, हे मुलांच्या ध्यानात येईल. तुकडे जाळून मात्र पाहू नयेत.

नंतर मुलांनी गावातील भंगारवाल्याकडे जावे आणि कोणते प्लास्टिक तो घेतो, काय भावाने घेतो, कोणते नाकारतो याची यादी करावी. नाकारलेल्या वस्तूंची यादी हीच गावाच्या कचऱ्याची खरी यादी. जालन्याचे लोखंड परत येते, कारण ते निवडता येते, भट्टीत टिकते आणि त्याला भाव आहे. या तीनपैकी काय कमी पडते, हे त्या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे मुलांना लिहायला सांगावे.