गुन्हेगारीशास्त्रात पीएच.डी. : आधी प्रश्न, मग प्रवेश

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी उंच भिंतींविना, बायकामुलांसह राहावे आणि शेती करून पोट भरावे, असा प्रयोग औंध संस्थानाने १९३९ मध्ये येथे सुरू केला. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखे बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. कुंपण नसतानाही कैदी पळून का जात नाही? कुटुंब सोबत असल्याने त्याच्या वागण्यात फरक पडतो का? शिक्षा संपवून गावी परतल्यावर त्याचे काय होते? अशा प्रश्नांची उत्तरे भावनेने किंवा ऐकीव माहितीवर न देता पुराव्याने शोधणे, हे गुन्हेगारीशास्त्राचे काम.

या विषयात पीएच.डी. करण्याकडे शहरी विद्यार्थ्यांचा ओढा असला तरी त्यामागे अनेकदा गैरसमज असतात. अभ्यासक्रमाचे नाव आकर्षक असते, दूरचित्रवाणीवरील मालिकांनी कुतूहल चाळवलेले असते आणि डॉक्टरेट मिळाली की पोलीस दलात थेट मोठे पद मिळेल, अशीही अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ही वाट पाच-सहा वर्षांची आहे आणि ती पूर्ण होणे हे विद्यापीठाच्या नावापेक्षा संशोधनाचा प्रश्न व त्यासाठी मिळणारी माहिती यांवर अधिक अवलंबून असते.

गुन्हेगारीशास्त्र म्हणजे काय?

गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, हस्ताक्षर, डीएनए यांची तपासणी न्यायसहायक विज्ञानात होते. तेथे पदव्युत्तर प्रवेशासाठी साधारणतः विज्ञान शाखेची पार्श्वभूमी लागते. गुन्हेगारीशास्त्र हे मुख्यतः सामाजिक शास्त्र आहे. गुन्हा का घडतो, कोणते कृत्य गुन्हा ठरवले जाते, पोलीस, न्यायालये व कारागृहे कशी चालतात, शिक्षेचा परिणाम काय होतो आणि पीडित व्यक्तीच्या वाट्याला काय येते, यांचा त्यात अभ्यास होतो. समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, समाजकार्य आणि संख्याशास्त्र या साऱ्यांचा त्यात वाटा आहे.

इटलीतील बेक्कारिया यांनी १७६४ मध्ये शिक्षेच्या क्रौर्यावर टीका करणारा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या विचाराची सुरुवात मानली जाते. १८७६ मध्ये त्याच देशातील लोंब्रोसो यांनी जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. ती पुढे शास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. अमेरिकेतील एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही संकल्पना मांडून प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधले. संगणकीय गुन्ह्यांच्या अभ्यासाला ‘सायबर क्रिमिनॉलॉजी’ हे नाव देऊन त्याला वाहिलेले नियतकालिक २००७ मध्ये सुरू करणारे के. जयशंकर हे भारतीय अभ्यासक आहेत.

प्रवेशाचे नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) पीएच.डी.विषयक नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये जारी झाले. त्यांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत देता येते. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांनाही थेट अर्ज करता येतो. एम.फिल. ही पायरी या नियमांनी संपुष्टात आली.

किमान कालावधी तीन वर्षांचा, तर कमाल सहा वर्षांचा आहे. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. सुरुवातीला १२ ते १६ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती व संशोधनाची नीती हे विषय असतात. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशपातळीवरील सक्ती आता उरलेली नाही.

यूजीसीने २०२४ मध्ये केलेल्या बदलानुसार ‘नेट’ परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. कनिष्ठ संशोधन अभिछात्रवृत्ती, अर्थात जेआरएफ न मिळालेल्या उमेदवारांच्या निवडीत ‘नेट’ला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिले जाते. ‘नेट’मध्ये गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय असून त्याचा सांकेतिक क्रमांक ६८ आहे. न्यायसहायक विज्ञानाची परीक्षा वेगळी होते. अर्ज भरताना या दोहोंत गल्लत होणार नाही, याची खबरदारी घ्यायला हवी.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची मुभाही नियमांत आहे. त्यासाठी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पोलीस अधिकारी, तुरुंगाधिकारी, वकील व समाजकार्यकर्ते यांना ही तरतूद उपयोगी आहे.

संस्था आणि मार्गदर्शक

या विषयाचा स्वतंत्र विभाग असलेली विद्यापीठे देशात मोजकीच आहेत. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ मध्ये सुरू झाला. मद्रास विद्यापीठ, तिरुनेलवेलीचे मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ येथेही हा विषय दीर्घकाळ शिकवला जात आहे. दिल्लीची राष्ट्रीय गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञान संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. २०२० च्या कायद्याने ती गांधीनगर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात विलीन झाली. या विद्यापीठाचे एक संकुल गोव्यातही आहे.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजकार्याच्या शिक्षणात गुन्हेगारी व सुधारसेवांचा अभ्यास आणला. या संस्थेने १९९० मध्ये सुरू केलेला ‘प्रयास’ हा प्रकल्प कैद्यांच्या कायदेशीर मदतीसाठी व पुनर्वसनासाठी काम करतो. महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र वा समाजकार्य या विषयात नोंदणी करून गुन्हेगारीविषयक प्रबंध लिहितात. हा मार्ग कमी प्रतीचा नाही. मात्र पदवीवर जो विषय असेल, त्याच विषयाच्या अध्यापकपदांसाठी प्रामुख्याने विचार होतो, हे नोंदणीपूर्वीच लक्षात घ्यावे.

मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हाही प्रश्न असतो. प्राध्यापकाला एकावेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

विषय बांधेसूद हवा

‘महिला कैद्यांच्या समस्या’ किंवा ‘बालगुन्हेगारी : एक अभ्यास’ असे पसरट विषय घेऊन अनेक प्रस्ताव येतात आणि तेथेच अडकतात. चांगल्या विषयाला ठिकाण, काळ आणि नेमका प्रश्न असतो. उदाहरणार्थ, जामीन मंजूर होऊनही एखाद्या मध्यवर्ती कारागृहातील कच्च्या कैद्यांची सुटका का लांबते, हा प्रश्न पाच वर्षांत तडीस नेता येतो. तो महत्त्वाचाही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. दोष सिद्ध होण्याआधीच ते गजाआड होते. त्यांपैकी किती जण केवळ जामीनदार किंवा पैसे नसल्याने आत राहतात, हे कारागृहनिहाय तपासल्याशिवाय उपाय नेमका ठरत नाही.

करोनाच्या साथीने असाच एक विषय पुढे आणला. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२० मधील आदेशानंतर राज्यांनी उच्चाधिकार समित्या नेमून हजारो कैद्यांना तातडीची अभिवचन रजा वा तात्पुरता जामीन दिला. त्यांतील कोण परत आले, कोण आले नाहीत आणि बाहेर त्यांच्यावर काय गुजरले, याचा जिल्हानिहाय मागोवा घेता येतो.

आकडे कसे वाचावेत?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे ‘क्राइम इन इंडिया’ व ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’ हे अहवाल संशोधकाच्या हाताशी असतात. पहिला १९५३ पासून, तर दुसरा १९९५ पासून प्रसिद्ध होतो. मात्र पहिल्या अहवालातील आकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे आहेत, घडलेल्या गुन्ह्यांचे नव्हेत. एखाद्या राज्यात गुन्हे वाढलेले दिसले, तर तेथे गुन्हेगारी वाढली असेल किंवा पोलीस तक्रारी अधिक तत्परतेने नोंदवू लागले असतील. शिवाय एकाच प्रथम खबरी अहवालात अनेक गुन्हे असतील, तर मोजणीत त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. बलात्कार व खून एकाच घटनेत असतील, तर ती घटना खुनाच्या रकान्यात जाते. हे नियम ठाऊक नसताना काढलेले निष्कर्ष मौखिक परीक्षेत टिकत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशामुळे संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळांवर उपलब्ध होतात. न्यायालयीन खटल्यांची माहितीही महाजालावर मिळते. माहिती अधिकार कायद्याचा आधार घेता येतो. पण तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारण्याची तरतूद त्यात आहे.

परवानगी आणि जबाबदारी

कारागृहात प्रवेश मिळवणे हा या वाटेवरील सर्वांत बिकट टप्पा असतो. महाराष्ट्रात त्यासाठी कारागृह विभागाच्या पुणे येथील मुख्यालयाकडे अर्ज करावा लागतो. विद्यापीठाचे पत्र, मंजूर आराखडा, प्रश्नावली आणि नैतिकता समितीची संमती सोबत असेल, तर पत्रव्यवहार सोपा होतो. परवानगीत अनेक महिने जाऊ शकतात, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे. ती मिळालीच नाही तर काय, याचाही विचार आधी हवा. सुटून आलेले कैदी, त्यांची कुटुंबे, वकील आणि न्यायालयीन कागदपत्रे यांच्या आधारेही अनेक प्रश्नांचा अभ्यास करता येतो.

मुलाखतीत कैदी जे सांगतो, ते गुप्त ठेवण्याचे आश्वासन संशोधक देतो. परंतु वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला जे कायदेशीर संरक्षण आहे, तसे संशोधकाला नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती कळवणे पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तुम्ही सांगाल ते कोणालाही कळणार नाही’ असे सरसकट वचन देता येत नाही. गुप्ततेची मर्यादा संमतिपत्रात, समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगावी लागते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार, तर बालकांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मनाई आहे.

संमतीचा प्रश्न कारागृहात अधिक नाजूक होतो. अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याने आपल्याच कारागृहातील कैद्याला ‘मुलाखत देतोस का’ असे विचारले, तर तो नकार देईल का? असा संशोधक दुसरे कारागृह निवडतो किंवा मुलाखतींचे काम त्रयस्थाकडे सोपवतो.

या जबाबदारीची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे तशाच कायद्यांखाली सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या ‘सेटलमेंट’ वसवल्या गेल्या. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. परंतु विमुक्त जमातींवरील संशयाचा शिक्का सहज पुसला गेला नाही. प्रबंधातील एका बेफिकीर वर्गीकरणाने असा शिक्का पुन्हा गडद होऊ शकतो.

खर्च आणि संधी

जेआरएफ मिळालेल्यांना जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि त्यानंतर ४२ हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त घटकांतील संशोधकांना अभिछात्रवृत्ती देतात. केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास विभागाचीही गुन्हेगारीशास्त्र व पोलीसशास्त्रातील पीएच.डी.साठी स्वतंत्र योजना आहे.

पीएच.डी.मुळे पोलीस अधिकारी होता येत नाही. उपनिरीक्षक व उपअधीक्षक पदांसाठी राज्य लोकसेवा आयोगाची, तर भारतीय पोलीस सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावीच लागते. स्वतंत्र विभाग मोजके असल्याने अध्यापकपदेही कमी आहेत. सहायक प्राध्यापकपदासाठी २०२३ पासून ‘नेट’ वा ‘सेट’ पुरेशी असून, सहयोगी प्राध्यापकपदापासून पुढे पीएच.डी. अनिवार्य आहे. विधी विद्यापीठे, पोलीस व कारागृह प्रशिक्षण संस्थांतील अध्यापन, कायदेशीर मदत व पुनर्वसनाचे काम करणाऱ्या संस्था आणि धोरणसंशोधन हे अन्य पर्याय आहेत.

अर्ज करण्यापूर्वी

* शोधगंगा या संग्रहातील आपल्या विषयाजवळचे किमान तीन प्रबंध संपूर्ण वाचावेत.
* संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. लिहिता येत नसेल, तर विषय अजून पक्व झालेला नाही.
* माहिती कोणाकडे आहे आणि ती देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे शोधावे.
* मार्गदर्शकाचे लेखन वाचावे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, याची चौकशी करावी.
* मुलाखती मराठीत व प्रबंध इंग्रजीत असेल, तर भाषांतराला लागणारा वेळ हिशेबात धरावा.

प्रवेशासाठी दरवर्षी जाहिराती निघतात आणि एखादी संधी हुकली तरी पुढच्या वर्षी दुसरी मिळते. प्रश्नच नेमका नसेल, तर मात्र नोंदणीनंतरची वर्षे तो शोधण्यातच खर्ची पडतात. म्हणून अर्जाआधीचे काही महिने वाचनाला आणि एखाद्या न्यायालयात, बालगृहात वा कायदेशीर मदत केंद्रात प्रत्यक्ष निरीक्षण करण्याला द्यावेत. त्यातून विषय तर सापडतोच, शिवाय हे काम आपल्याला पेलणार आहे की नाही, याचाही अंदाज येतो.