हकिमाची तालीम आणि समाजाचे शास्त्र

वैद्याला आपण हकीम म्हणत आलो. या शब्दाचा मूळ अर्थ शहाणा माणूस. कुर्तुब्याचे इब्न रुश्द (११२६-११९८) यांनी वैद्यकावर ‘अल-कुल्लियात’ लिहिले, फिकहवर ग्रंथ रचला आणि सेव्हिल व कुर्तुब्यात काझी म्हणून लोकांचे तंटेही सोडवले. शरीराचा आणि समाजाचा अभ्यास एकाच माणसाच्या ठायी नांदत होता. मग फारकत कशी झाली?

युरोपात १८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ विर्चो या तरुण डॉक्टरला अप्पर सिलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करण्यास पाठवले. त्याने अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न यांची मागणी केली. वैद्यक हे सामाजिक शास्त्र आहे, असे त्याने त्याच वर्षी मांडले. पुढे पेशीविकृतिशास्त्राचा पाया घालणारा हाच शास्त्रज्ञ. म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि समाज यांत त्याला वैर दिसले नाही.

अमेरिकेत मात्र वारे फिरले. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल दिला. त्यानंतर रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र हाच वैद्यकाच्या प्रवेशाचा पाया ठरला. भोंदू शाळा बंद पडल्या, हे चांगलेच झाले. पण कृष्णवर्णीयांच्या सात शाळांपैकी पाच बंद कराव्यात, असेही त्यात होते, आणि काही वर्षांत त्या बंद झाल्या. शास्त्राच्या नावाने घेतलेल्या निर्णयाची किंमत कोणता समाज मोजतो, हे विचारणारी विद्या त्या तराजूत नव्हती.

तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. ठरावीक विज्ञान विषय पूर्ण केले, की मुख्य विषय समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मानववंशशास्त्र असला तरी चालतो. २०१५ पासून एमकॅट या प्रवेशपरीक्षेच्या चार भागांपैकी एक भाग मानसशास्त्र व समाजशास्त्रावर आधारलेला आहे. शंभर वर्षांनी विर्चोचे म्हणणे दारातून पुन्हा आत आले.

आपल्याकडे दहावीनंतर मुलगा किंवा मुलगी विज्ञान शाखेत गेली, की समाजशास्त्राचे दार बंद होते. नीटमध्ये भौतिक, रसायन, जीवशास्त्र एवढेच. एमबीबीएसला सामुदायिक वैद्यक आहे, २०१९ पासून वर्तन, नीती आणि संवादाचे धडेही आले. पण तोवर मुलांची नजर घडून गेलेली असते.

मुलाला डॉक्टर करण्याचे स्वप्न आपल्या घराघरांत आहे. ते मोठेच आहे. पण भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास राबणाऱ्या मजुराचा खोकला केवळ फुप्फुसात सुरू होत नाही. त्याची खोली, पगार आणि पाळी यांचाही त्यात वाटा असतो. रमजानमध्ये मधुमेहाची गोळी आपल्या मनाने पुढे ढकलणाऱ्या आजीला रागावून भागत नाही. तिचे ऐकून, वेळा बसवून द्याव्या लागतात. आकडे तपासणे, प्रश्न नीट विचारणे, माणसाचे म्हणणे त्याच्या परिस्थितीत समजून घेणे, ही सामाजिक शास्त्रांची तालीम आहे.

म्हणून आमचे पालकांना सांगणे एवढेच, की नीटच्या पुस्तकांशेजारी इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे एखादे पुस्तक दिसले तर ‘वेळ वाया घालवतोस’ म्हणू नका. डॉक्टर तर अनेक होतील. आपल्याला हकीमही हवे आहेत.