उपदेशाआधी श्रवण

चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलो. सप्ताहात व्यसनाचा विषय निघाला की माझा आवाज चढायचा. दारुड्याचे सोंग काढले की मंडप हसायचा. एका गावी मागच्या खांबाला टेकून बसलेला एक माणूस त्या हशात उठून गेला, तो पुन्हा मंडपात दिसला नाही. मला वाटले, बाण लागला. लागला खरा, पण माणसाला. दारू तशीच राहिली.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. गेल्या शतकात अमेरिकेतल्या अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत रोग्याला तोंडावर दोष दाखवून त्याचा हट्ट मोडायचा, अशीच रीत होती. पण १९७७ साली लंडनच्या ग्रिफिथ एडवर्ड्स आणि जिम ऑरफर्ड यांनी शंभर विवाहित मद्यपींचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना सविस्तर उपचार दिले, निम्म्यांना पत्नीसह बसवून एकदाच नीट सल्ला दिला. वर्षभराने पाहिले, तर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. थोडक्या बोलण्यातही बळ असते, हे दिसले.

ते बोलणे कसे असावे? १९८२ साली विल्यम मिलर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्वेतील बर्गनला गेले होते. रोग्याशी कसे बोलता ते करून दाखवा, असे तिथल्या सहकाऱ्यांनी म्हटले आणि मध्येच थांबवून विचारू लागले : हाच प्रश्न का? त्याच्या याच शब्दाला का धरलेत? उत्तरे देता देता मिलर यांना स्वतःचीच रीत उलगडली. १९८३ मध्ये त्यांनी ती लेखात मांडली. १९९१ मध्ये स्टीफन रॉलनिक यांच्यासह ग्रंथ झाला. सार एवढेच : पिणाऱ्याच्या मनात सोडावी आणि सोडू नये, दोन्ही असते. आपण एक बाजू ओढली की तो दुसरी धरतो. म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच मुखातून येऊ द्यावीत.

ही रीत आपल्या शेजारी गोव्यातही आली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. बैठका फार तर चार. तीन महिन्यांनी त्या घातक पिण्यातून बाहेर आलेले, समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के, न मिळालेल्यांत २६ टक्के. हा चमत्कार नव्हे. पण शंभरातली दहा घरे थोडी का आहेत?

माउली, तुमच्या दिंडीत, भावकीत असा कोणी असेल, तर शांतपणे विचारा : दारूने तुला काय मिळते, काय जाते? सोडावीशी कधी वाटली, कशामुळे? मग गप्प राहा. त्याचेच शब्द त्याला परत सांगा. सल्ला देण्याआधी ‘सांगू का?’ म्हणा. मात्र रोज पिणाऱ्याचे हात सकाळी थरथरत असतील, तर एकदम बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांकडे न्या.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले. आयुष्यभर मी लोकांना ते सांगितले, स्वतः मात्र बोलतच राहिलो. माळ गुरू घालतो खरी, पण मान ज्याची त्यानेच पुढे करावी लागते. तो खांबाजवळचा माणूस आज भेटला, तर आधी त्याची क्षमा मागेन, आणि मग त्याच्या शेजारी बसून ऐकेन.

रामकृष्णहरी.