टिफ्रॅक : ‘आपण बनवलं’ म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय आहे आपल्या देशात घडलेले संगणक. सगळ्या देशाचा हिशेब एका बैठकीत होणार नाही, म्हणून आम्ही मुख्यतः मुंबईपुरतं बोलणार आहोत. गोरेगावकरांना ते सोयीचंही आहे. कुलाबा, तुर्भे, पवई, जुहू ही या इतिहासातली ठिकाणं लोकल आणि बसनं एका दिवसात पाहून होतात.

सुरुवात कुलाब्याची. होमी भाभांनी 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. 1954 साली रंगास्वामी नरसिंहन तिथे आले. अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट घेतलेला हा तरुण माणूस. गटातल्या इतरांचं शिक्षण बहुतांशी भौतिकशास्त्राचं. संगणक बांधणं सोडाच, वापरण्याचाही अनुभव त्यांना नव्हता. त्यांनी 1955 साली आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र हाती घेतलं. पुढच्या वर्षाअखेर ते चालू लागलं. मग पूर्ण आकाराच्या यंत्राचं काम सुरू झालं आणि 1960 साली ते वापरात आलं. 15 जानेवारी 1962 रोजी संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला पंडित नेहरू आले, तेव्हा या यंत्राचं बारसं झालं : टिफ्रॅक, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ऑटोमॅटिक कॅल्क्युलेटर.

यंत्र केवढं होतं? सुमारे 2,700 व्हॅक्यूम ट्यूब, 1,700 जर्मेनियम डायोड, 12,500 रेझिस्टर. मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची. प्रत्येक कडं या दिशेनं चुंबकित असेल तर शून्य, उलट दिशेनं असेल तर एक. एका शब्दात 40 बिट, असे 2,048 शब्द. गुणाकार करून पाहा, 81,920 बिट होतात, म्हणजे आजच्या भाषेत दहा किलोबाइट. आज देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला सहसा तीन बाइट लागतात. म्हणजे हे आजचं व्याख्यानसुद्धा टिफ्रॅकच्या मेमरीत मावलं नसतं! पण शास्त्रज्ञांची जी आकडेमोड हातानं करायला महिने लागत, ती त्यानं केली.

आता आक्षेप ऐकूया, कारण तो खरा आहे. टिफ्रॅक सुरू झाला तोवर बाजारात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. म्हणजे आपलं यंत्र जन्मतःच एक पिढी मागे. शिवाय त्याची रचना प्रिन्स्टनला फॉन नॉयमन यांच्या गटानं आखलेल्या आणि जाहीर केलेल्या आराखड्याच्या वळणाची. व्हॅक्यूम ट्यूब काही कुलाब्यात बनत नव्हत्या. आणि 1964 साली त्याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी 3600 हा कितीतरी शक्तिमान संगणक आला, टिफ्रॅक मागे पडला. मग विचारणारा विचारतो, हा सगळा खटाटोप कशासाठी? कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनं 1950च्या दशकातच इंग्लंडहून संगणक आणला होता. तसाच एक आपणही विकत घ्यायचा होता.

इथे तत्त्वज्ञानाची थोडी मदत घेऊ. गिल्बर्ट राइल यांनी 1949 साली एक भेद मांडला : ‘अमुक असं आहे’ हे ठाऊक असणं वेगळं आणि ‘अमुक कसं करायचं’ हे येणं वेगळं. भाकरीची कृती पाठ असलेला माणूस आणि भाकरी थापता येणारा माणूस एकच नव्हेत. पीठ बाहेरून आणलं म्हणून भाकरी परकी होत नाही, आणि आयती आणली म्हणून थापता येत नाही. प्रिन्स्टनचे अहवाल वाचायला मिळत होते, पण त्यावरून चालतं यंत्र उभं करणं हे दुसऱ्या प्रकारचं ज्ञान. ते आयात होत नाही. करूनच येतं.

आणि या ज्ञानाचा एक गुणधर्म आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो : ते न वापरता ठेवता येत नाही. पुस्तक कपाटात पन्नास वर्षं टिकतं. हात मात्र विसरतो.

हे लक्षात ठेवून पुढचा इतिहास पाहा. तुर्भ्याला अणुऊर्जा केंद्रात टीडीसी-12 घडला आणि 1969 साली हैदराबादच्या ईसीआयएलनं तो बाजारात आणला. कुलाब्यातल्या संगणक गटातून सॉफ्टवेअरचं राष्ट्रीय केंद्र निघालं, तेच पुढे जुहूचं एनसीएसटी. 1986-87 च्या सुमारास जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ई-मेल सुरू झाली, देशातल्या पहिल्या ई-मेलपैकी ती एक. याच जुहूच्या संस्थेत पुढे र. कृ. जोशी यांनी भारतीय लिप्यांच्या संगणकीय अक्षरांवर काम केलं. तुमच्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षं ज्यात मराठी वाचलं तो ‘मंगल’ फॉण्ट त्यांचाच.

तिकडे पुण्यात 1988 साली सी-डॅक सुरू झालं. महासंगणक देताना अमेरिकेनं अटी घातल्या, हवा तो दिला नाही. अकोला जिल्ह्यातले विजय भटकर प्रमुख झाले आणि 1991 साली ‘परम 8000’ उभा राहिला. त्यातले प्रोसेसर ब्रिटिश कंपनीचे होते. पण असे अनेक प्रोसेसर जोडून एकदिलानं काम करायला लावणं, ही विद्या इथली. म्हणजे पुन्हा तोच प्रकार : पीठ बाहेरचं, थापणं आपलं.

तर जमेची बाजू ही. खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. टिफ्रॅकला वारस यंत्र मिळालं नाही. त्याच्यासारखी दहा यंत्रं बांधणारा कारखाना त्याच्या मागे उभा राहिला नाही. त्या गटाचं ज्ञान माणसांबरोबर सॉफ्टवेअरकडे, शिक्षणाकडे गेलं, ते वाया गेलं नाही. पण यंत्र बांधणाऱ्या हातांची परंपरा क्षीण झाली. आमच्या मते टिफ्रॅकबाबत चूक झाली ती जुनं यंत्र बांधण्यात नाही, एकावर थांबण्यात झाली.

2021 साली केंद्र सरकारनं सेमीकंडक्टर मिशन जाहीर केलं. चिप आपल्या देशात बनणार, ही बातमी आता वरचेवर वाचायला मिळते. ती वाचताना तीन प्रश्न वेगळे ठेवावेत, एवढीच विनंती. सुटे भाग कोणाचे? रचना कोणाची? आणि पहिलं यंत्र जुनं झाल्यावर दुसरं बांधायला तीच माणसं जागेवर असणार आहेत का? पहिल्या दोन प्रश्नांवर भाषणं पुष्कळ होतात. टिफ्रॅक आपल्याला तिसरा प्रश्न विचारायला शिकवतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.