पुण्याची वेधशाळा आणि एक हिरवी रेषा

१/ पंचवटीतील एखाद्या गच्चीवर आज हौशी निरीक्षक न्यूटनीय दुर्बिणीत नेत्रिकेच्या जागी लेझर कॉलिमेटर बसवतो. किरण तिरक्या आरशावरून मुख्य आरशाच्या मध्यखुणेवर पडतो आणि परततो. स्क्रू फिरवून परतलेला ठिपका उगमाशी जुळवला की आरसे एका अक्षावर आले. पण लेझर १९६० चा. त्याआधी?

२/ त्याआधी ताराच साधन होता. तेजस्वी तारा मुद्दाम अस्पष्ट करायचा, त्याची वलये समकेंद्री दिसेपर्यंत स्क्रू हलवायचे. आरशावरचा चांदीचा मुलामा दमट हवेत काळवंडे. नव्या मुलाम्यासाठी आरसा काढला की सारी जुळणी पुन्हा पहिल्यापासून. (गंमत अशी की ‘कॉलिमेशन’ हा शब्दच सिसेरोच्या ग्रंथातील ‘कॉलिनिआरे’च्या चुकीच्या वाचनातून आला!)

३/ असे परिश्रम घेणाऱ्यांत पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते. भावनगरच्या महाराजांनी १८८२ मध्ये ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांची परावर्तक होती.

४/ तेव्हा युरोपात तेजोमेघांच्या वर्णपटातील एका हिरव्या रेषेवरून वाद पेटला होता. ‘नेचर’चे संपादक नॉर्मन लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड होती, म्हणजे एक बाजू ठळक, दुसरी विरत जाणारी. विल्यम हगिन्स यांना हे अमान्य होते.

५/ येथे जुळणीचा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. वर्णपटदर्शकातही एक कॉलिमेटर असतो. फटीतून आलेला प्रकाश समांतर करणारी नळी. त्यातील भिंग तिरके असेल तर रेषा एकाच बाजूला फिसकटू शकते. लॉकियर जे शोधत होते, नेमके त्याचेच सोंग सदोष उपकरण घेऊ शकत होते.

६/ १८९१ मध्ये नायगमवालांनी मृगातील तेजोमेघ पाहून रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात कळवले : रेषा तीक्ष्ण आहे, विरत नाही. तिचे खरे मूळ, दुहेरी आयनीभूत ऑक्सिजन, आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. पुण्याची वेधशाळा त्यापूर्वीच, १९१२ मध्ये, नायगमवालांच्या निवृत्तीबरोबर बंद झाली होती. उपकरणे कोडाईकनालला गेली.