फिरती पेटी आणि सूचनेची वही

आमच्या घरच्या जुन्या कपाटात एकाच फळीवर दोन कादंबऱ्या वर्षानुवर्षे शेजारधर्माने राहिल्या. एक हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल', दुसरी गोवर्धनराम त्रिपाठींची 'सरस्वतीचंद्र', तीही चारी भागांसह. पहिली मराठी, दुसरी गुजराती. माझे आजोबा बडोदे संस्थानात पेटलाद तालुक्याच्या कचेरीत कारकून होते आणि गुजराती त्यांना दप्तरापुरती येत असे. मग हे चार जाडजूड गुजराती भाग त्यांनी पदरमोड करून विकत का घ्यावेत? लहानपणी मी आजीला हे विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पेटीमुळे."

पेटी म्हणजे बाजाची पेटी, असेच मला कित्येक वर्षे वाटत होते. आजोबांना गाण्याचा नाद होता, तेव्हा शंका यायचे कारण नव्हते. ती पेटी पुस्तकांची होती, हे मला पुष्कळ पुढे कळले. आणि त्या पेटीचा शोध घेता घेता मी बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीपाशी येऊन पोहोचलो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच वर्षी ते अमेरिकेचा प्रवास करीत होते. शाळा सोडल्यावर मुलाच्या हाती वाचायला काही पडले नाही तर शिकलेली अक्षरे दोन-चार वर्षांत पुसली जातात, हे त्यांनी ओळखले होते. तिकडची फुकट वाचनालये पाहून त्यांनी त्यावरचा तोडगा हेरला. १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास आणले. गृहस्थ तीनच वर्षे राहिले. पण तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, महाराजांचा राजवाड्यातला ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला झाला आणि १९११ साली ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्गही निघाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला वर्ग होय.

आपल्याकडे वाचनालये त्याच्या कितीतरी आधीची आहेत. रत्नागिरीचे १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पण ही बहुतेक वर्गणीची. पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कारकुनाच्या कमरेला. तुम्ही यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा आणि आतून जे येईल ते घ्यायचे. कोणते पुस्तक वाचावे हे ज्याला आधीच ठाऊक, त्याचीच तिथे सोय. ज्याला ठाऊक नाही त्याने विचारायचे कोणाला?

बडोद्याच्या योजनेत या प्रश्नाचा विचार झालेला दिसतो. शहरापुरते मध्यवर्ती ग्रंथालय. खेड्यांसाठी वेगळी शाखा. तिचा प्राण म्हणजे मोतीभाई अमीन. हा मूळचा शाळामास्तर. सरकार जागे होण्यापूर्वीच मित्रमंडळे काढून त्यांनी गावोगावी वाचनाची गोडी लावायला घेतली होती. खर्चाचा एक हिस्सा गावकऱ्यांनी जमवला की दुसरा स्थानिक पंचायतीने आणि तिसरा सरकारने द्यायचा, अशी व्यवस्था ठरली. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही हे गुजराती माणसाला सांगावे लागत नाही. आणि जिथे गावचे वाचनालय नव्हते, किंवा होते पण पुस्तके वाचून संपली होती, तिथे पेटी जायची.

भक्कम लाकडी पेटी, तिला कुलूप, आत निवडक पुस्तके. रेल्वेने स्टेशनापर्यंत, तिथून बैलगाडीने. भाडे खाते भरणार, वाचकाने दिडकीही द्यायची नाही. सांभाळायला बहुधा शाळेचे मास्तर. ठरलेली मुदत संपली की ती परत जाई आणि दुसरी येई. शेकडो मैलांवरच्या न पाहिलेल्या माणसाला काय आवडेल याचा अंदाज बांधून कोणीतरी त्या पेटीत पुस्तके रचत असे. मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत हृद्य माणूस वाटतो तो हाच, पेटी भरणारा.

आमच्या घरची गोष्ट अशी. पेटलादजवळच्या एका गावी मास्तरांकडे पेटी आली की आजोबा रविवारी चालत जात. पेटीत मराठी पुस्तके असली तर दोन-तीन, बाकी गुजराती. एकदा 'उषःकाल' निघाली. आजोबांनी ती वाचली आणि परत करताना मास्तरांना राहवेना म्हणून सांगितले, "मास्तरसाहेब, ही परत धाडण्यापूर्वी एकदा वाचाच." मास्तर म्हणाले, लिपी लागते पण भाषा अडते. मग ओट्यावर आजोबा वाचत आणि अडेल तिथे मोडक्या गुजरातीत अर्थ सांगत. शिवकालातली ती गोष्ट मास्तरांना आवडली. पण तेही काही कमी नव्हते. फेड म्हणून त्यांनी 'सरस्वतीचंद्र'चा पहिला भाग आजोबांच्या हाती ठेवला आणि बजावले की हे वाचल्याशिवाय गुजरातेत राहिलो असे म्हणू नका. आजोबांना पहिल्या भागाला पाच महिने लागले. पुढचे भाग दाराआडून आजीने ऐकले, आणि शेवटच्या भागापर्यंत आजीचे गुजराती आजोबांपेक्षा चांगले झाले होते! दोन्ही कादंबऱ्या विकत घेतल्या त्या नंतर, हौसेने.

खात्याच्या दृष्टीने हा सगळा व्यवहार हिशेबाबाहेरचा. खात्याची आवड वेगळी होती. शेती, आरोग्य, चरित्रे, नीती यांवर भर. महाराजांच्या आश्रयाने निघालेल्या 'सयाजी साहित्यमाला' आणि 'बालज्ञानमाला' यांतही उपयुक्त ज्ञानाकडे कल. रयतेच्या भल्याचे आपल्याला रयतेपेक्षा अधिक कळते, हा संस्थानी बाणा त्यात होताच. आजी सांगे की गुरांच्या रोगांवरचे पुस्तक कोऱ्याचे कोरे परत जाई आणि कादंबरीची पाने सुटून येत. तरी एक कबूल करावे लागेल: गुरांच्या पुस्तकाशेजारी कादंबरी ठेवण्याइतके शहाणपण पेटी भरणाऱ्यापाशी होते.

वाचता न येणाऱ्यांसाठी आणखी एक शाखा होती, दृश्य शिक्षणाची. मॅजिक लँटर्न, सिनेमायंत्र, आणि दोन चित्रांचे एक खोल चित्र करून दाखवणारे स्टिरिओस्कोप. या शाखेचे खेळ फुकट असत. आजीने आयुष्यातला पहिला सिनेमा पाहिला तो थिएटरात नव्हे, ग्रंथालय खात्याच्या पडद्यावर, गावच्या चौकात. काय पाहिले तर समुद्र. ज्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, ते बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. तेव्हा त्या मातीला चित्रांचे वेड आधीपासूनचे म्हणायचे. गाणेही या ग्रंथालयापासून दूर नव्हते. त्याच्या संस्कृत विभागातून निघू लागलेल्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये १९२० साली 'संगीत मकरंद' हा ग्रंथ छापला गेला, आणि संपादक होते मंगेश रामकृष्ण तेलंग. आजोबांची त्यावर भक्ती, समज बेताची.

पण आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकाने लक्षात ठेवावे असे त्या चळवळीतले प्रकरण म्हणजे तिचे नियतकालिक. 'लायब्ररी मिसेलनी' १९१२ साली निघाले आणि १९१९ पर्यंत चालले. इंग्रजी, गुजराती आणि मराठी, तिन्ही भाषांतला मजकूर एकाच अंकात. संपादकांत मोतीभाईंबरोबर जनार्दन सखाराम कुडाळकर होते. संस्थानात मराठी बोलणारे मूठभर. राजा मराठी म्हणून मराठीला मान होता हे खरे, परंतु नुसत्या मानाने वाचक तयार होत नाहीत.

मध्यवर्ती ग्रंथालयाची मांडवीजवळची इमारत १९३१ ची. तिच्यातल्या पोलादी मांडण्या अमेरिकेहून आलेल्या आणि मजल्यांची जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात झाले. मी शाळकरी वयात तिथे जाऊ लागलो तो साठनंतर. वरच्या काचेवरून कोणी चालले की पावलांच्या सावल्या दिसत, त्याचीच आम्हाला मौज. पण तिथले एक गृहस्थ अजून आठवतात. गुजरातीच होते. नवे पुस्तक सुचवण्याआधी विचारायचे, "मागचे कसे वाटले? कुठे कंटाळलास?" कंटाळलो ते ठिकाण प्रामाणिकपणे सांगितले की पुढचे पुस्तक हमखास चांगले मिळे.

नोकरीने मला बेळगावला आणले आणि मी इथलाच झालो. इथे भाषेचा प्रश्न १९५६ पासून किती कडू झाला ते इथल्या वाचकाला मी काय सांगणार! पण त्याच बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णींनी भैरप्पांचे 'वंशवृक्ष' आणि 'पर्व' मराठीत आणले, आणि त्यांचे पती विरूपाक्ष यांनी मराठी पुस्तके कानडीत नेली. एकाच घरात दोन्हीकडची ये-जा. आजोबांचा ओटा मला तिथे दिसतो.

आमच्या वाचनालयात (नाव सांगत नाही, कारण पुढचे वाक्य तक्रारीचे आहे) मराठी कादंबऱ्यांची दोन कपाटे गेली सहा वर्षे कुलूपबंद आहेत. किल्ली आहे, पण उघडून "हे न्या" म्हणणारा माणूस निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही. राहिली आहे ती टेबलावरची सूचनेची वही, दोरीने पेन्सिल बांधलेली. मी रोज तीच वाचतो. गेल्या श्रावणात कोणीतरी कानडीत लिहिले होते, माझ्या मुलीला मराठी शिकायचे आहे, सोपे आणि रडके नसलेले पुस्तक सुचवा. त्याखाली तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांत तीन मराठी पुस्तकांची नावे होती. चौथे मी लिहिले. तिन्ही पुस्तके त्या बंद कपाटांतच आहेत. माझे मात्र घरी होते, ते टेबलावर नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हते.