आकडी, विटाळ आणि सुईणीचा हात

नाशिकला इतिहास शिकवताना मला एक उणीव सतत जाणवते. सत्याग्रहांच्या तारखा आपण पाठ केल्या, पण बाळंतिणीच्या खोलीत इतिहासकार शिरलाच नाही. २ मार्च १९३० रोजी येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आमच्या स्पर्शाने देव बाटतो म्हणणारा हाच समाज गावोगाव नाळ कापायला महार-मांगांच्या बायांना बोलावत असे. हा काही उदारपणा नव्हता. बाळंतपण हाच विटाळ. तो विटाळाच्या ठरवलेल्या माणसांच्या माथी मारला. काम दिले, विद्या आणि साधन दिले नाही.

याची किंमत गरोदरपणातल्या आकडीत दिसते. बाईचे हातपाय ताठ होतात, दातखिळी बसते, शुद्ध हरपते. माणसे बाहेरचे लागले म्हणून देवऋषी गाठतात, कांदा किंवा चप्पल हुंगवतात. मूळ कारण चढलेल्या रक्तदाबाच्या विकारात असते. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीत रिवा-रोच्ची यांनी १८९६ सालीच तयार केले होते. पाचव्या महिन्यानंतर दाब १४०/९० किंवा वर जाणे, लघवीत प्रथिने, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात कळ, या खुणा बहुधा आधी दिसतात. बाळंतपणानंतरही आकडी येऊ शकते.

औषध स्वस्त आहे. भारतासह अनेक देशांत झालेल्या १९९५ सालच्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेटमुळे पुन्हा आकडी येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले. त्याची रूढ मात्रा अमेरिकेत ठरलेली. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई यांनी आपल्याकडच्या कमी वजनाच्या स्त्रियांसाठी कमी मात्रेची पद्धत बसवली आणि २००३ साली मांडली. समोरच्या बाईचे शरीर पाहून शास्त्र घडवणे, हे मला मोठे काम वाटते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाआधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, असे सांगितले. १९२९ साली कायदा झाला, पण कारखान्यातल्या स्त्रीपुरता. शेतावर राबणारी बाहेरच राहिली. पुढे २०१० च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शनानुसार गावच्या प्रशिक्षित परिचारिकेला, रुग्णालयात पाठवण्यापूर्वी, या औषधाची पहिली मात्रा टोचण्याची मुभा मिळाली. सुईणीला जे नाकारले, ते तिच्या जागी आलेल्या हाताला इतक्या उशिरा मिळाले.

आकडी आली तर बाईला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. रुग्णालयात आकडी थांबवून दाब उतरवतात आणि बाई सावरली की बाळंतपण उरकतात. विकार बहुधा त्यानंतरच ओसरतो. पण खरा बचाव आधीच्या मोजणीत आहे. म्हणून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांत आणि आपल्या वस्त्यांत प्रत्येक गरोदर बाईच्या दंडाला दर महिन्याला पट्टा बांधला जातो का, हे चळवळीने जाऊन पाहिले पाहिजे. देवळाचे दार उघडा म्हणून आपण लढलो. या दंडासाठीही लढावे लागेल.